वरची खुर्ची

गल्लीत तिला सगळे क्रेनवाली म्हणत. त्यात निम्मं कौतुक आणि निम्मा संशय असे. चांगली शिकलीसवरली सून रोज सकाळी डबा पाठीला अडकवून लोखंडी शिडीने आभाळात चढते, हे शेजारपाजाऱ्यांच्या पचनी पडायला बरेच दिवस लागले. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एकदा वरच्या केबिनचं दार ओढून खुर्चीत टेकलं की गल्ली, शेजार आणि शेजारची तोंडं, सगळं काडेपेटीएवढं होऊन जाई.

केबिन म्हणजे कपाटाएवढी खोली. तिन्ही बाजूंना काच आणि पायाखालीही काच. धुक्याच्या सकाळी खालचं शहर नाहीसं होई. नुसत्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या तरंगत राहत आणि मधूनच एखादा पक्षी तिच्या पायांखालून निघून जाई. वारा सुटला की क्रेन अंगभर डुले. नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. हिला मात्र अशी सुखाची गुंगी येई की दांड्यांवरचे हात आपोआप हलके होत. म्हणजे ती झोपत होती असं नाही हो! डोळे हुकावर आणि हुकाखाली उभ्या असलेल्या मुक्यावर खिळलेले असत.

मुका हा तिचा खालचा जोडीदार, इशारे देणारा. बोट फिरवलं की वर, तळवा दाबला की हळू, मूठ आवळली की थांब. कामावर तोंडातून शब्द काढत नसे म्हणून हे नाव पडलं. सुटी झाली की मात्र समोरच्याचे कान किटेपर्यंत बोले. दोघांनी मिळून दोन इमारती उभ्या केल्या होत्या. समोरासमोर बसून चहा प्यायल्याचे प्रसंग फारसे नव्हते, पण आज त्याचं घरी बिनसलंय का, हे तिला त्याच्या मनगटावरून वर बसल्या बसल्या कळे.

मग तिला दिवस गेले.

साहेब, म्हणजे बांधकामावरचे इंजिनिअर, माणूस भला. नियम सांगताना तिच्यापेक्षा तेच अवघडले. पोटुशा बाईने शिडी चढायची नाही. तिला खाली गोदामात टेबल मिळालं. खिळे द्यायचे, तारा द्यायच्या, हातमोजे परत घ्यायचे. दुपारी पत्रा तापला की तिचे डोळे जड होत आणि एकच स्वप्न पडे. ती वर बसलेली आहे, हुकाला काहीतरी टांगलेलं आहे, फार मोलाचं आणि फार हलकं, आणि खाली धुकं. कुठे उतरवायचं ते सांगायला खाली कुणीच नाही. ती घाबरत नसे. नुसती वाट बघत राही, आणि कुणीतरी हातमोजे मागायला आलं की जाग येई.

एकदा साहेबच टेबलाशी आले.

"बाळंतपणाची रजा संपली की हेच टेबल कायमचं घ्या की," ते म्हणाले. "वर मी बदलीचा माणूस बसवलाय. तुमचं नक्की झालं की त्याला तरी सांगता येईल."

घरीदारी सगळ्यांना हे पटलं. तिच्या आईचा तर फोनवर जीव भांड्यात पडला. शेजारीण म्हणाली, आता कशाला ती वानरचाळे! नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने रजेचं चित्रच काढलं. प्रत्येक महिन्याला एक मजला, तळाला दवाखाना, मधल्या मजल्यांवर लंगोट वाळत घातलेले, आणि माथ्यावर क्रेन. केबिनमधली खुर्ची त्याने रिकामी ठेवली.

"इथे कोण बसलंय?" तिने विचारलं.

"ते तू सांग. मी सांगितलं तर जन्मभर ऐकवशील."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर होत्या, आता निवृत्त. जरुरीपेक्षा जास्त बोलणं त्यांच्या लेखी पसाऱ्यात जमा.

तिचं स्वतःचं म्हणाल तर तिने मनातल्या मनात एक पळवाट काढून ठेवली होती. बाळंतपणानंतर आपल्याला उंचीची भीती वाटू लागेल. बायकांना वाटते म्हणतात. तशी वाटली की प्रश्नच मिटला, कुणाला दोष नको, आपल्यालाही नको.

बाळंतपण व्हायचं तसं झालं. कळा अगदी असह्य झाल्या तेव्हा तिने हात उंच करून मूठ आवळली. थांब, सगळं थांबव! दवाखान्यातल्या सिस्टर खूश झाल्या. "शाब्बास! अशीच हिंमत धर, लाव जोर!" तिने पुन्हा मूठ दाखवली, त्यांनी पुन्हा शाब्बासकी दिली. मुका असता तर जागच्या जागी सगळं थांबलं असतं, असं तिला त्याही घटकेला वाटून गेलं. आणि मुलगी झाली.

पुढचे महिने कसे गेले ते तिला धड सांगता आलं नसतं. दूध, झोप, दूध. पडद्यातून येणारा उजेड भिंतीवरून सरके, तोच काय तो दिवस. पोरीच्या टाळूचा वास घेत ती तासन्‌तास पडून राही आणि आपण कुठेतरी उंच आहोत आणि खालचं सगळं धुक्यात आहे असं वाटे. पोरीला सगळे ठमी म्हणू लागले. ठमीवर तिचा असा जीव जडला की तो बाहेर कुठे दुसरीकडे लागेल यावर तिचाच विश्वास बसेना.

मुका बघायला आला. तेव्हा ती झोपलेल्या ठमीला पाळण्यात ठेवत होती. हा पाळण्याच्या पायथ्याशी उभा राहिला, आणि त्याचा हात आपोआप उठला. तळवा दाबला, हळू. आणखी हळू. वीतभरावर मूठ आवळली. ती थांबली, झोका जिरू दिला, मग टेकवलं. ठमीने हूं की चूं केलं नाही. सासूबाई दारातून बघत होत्या. दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असा त्यांचा चेहरा.

"बदलीवाला वाईट नाही हो, ताई," मुका निघताना म्हणाला. "पण त्याला माझे हात वाचता येत नाहीत. दिवसभर नुसतं थांब, थांब. घरी गेलो की खांदे भरून येतात. तुम्ही टेबल घेताय म्हणे?"

"बघू," ती म्हणाली.

रजा संपत आली तसा साहेबांचा फोन आला. पुढच्या आठवड्यापासून नवा मजला चढवायचा होता, त्यांना उत्तर हवं होतं. तिने विचारलं, एकदा अर्धा दिवस चढून बघू का? ते हो म्हणाले.

केबिनमध्ये फोन न्यायचा नाही असा कडक नियम. तोड सासूबाईंनीच काढली. "आपली गच्ची दिसते ना तुला वरून? पोर आवरेनाशी झाली तर पिवळी चादर टाकते कठड्यावर. दिसली की ये."

सकाळी ती शिडी चढली. छाती दुधाने जड, पाय विसरभोळे. प्रत्येक टप्प्यावर ती भीतीची वाट बघत थांबली. आता वाटेल. इथे वाटेल. खाली मुद्दाम वाकून बघितलं. काही नाही! वर पोचली तर बदलीवाल्याने खुर्ची आपल्या लांब तंगड्यांसाठी मागे सरकवून ठेवलेली. तिने ती पुढे ओढली.

मग खाली मुक्याने बोट फिरवलं.

सळ्यांची मोळी धुक्यातून वर आली, तिच्या मागोमाग सूर्य आला. क्रेनची लांब सावली गच्च्यांवरून, झाडांवरून, एका शाळेच्या अंगणावरून शांतपणे फिरत गेली. मोळी, काँक्रीटची बादली, पुन्हा मोळी. हात सगळं ओळखत होते. वारा सुटला, केबिन डुलू लागली आणि ती ओळखीची गुंगी अंगात उतरली. किती वेळ गेला कोण जाणे. कपडे ओले लागले म्हणून तिने खाली पाहिलं. दूध झरत होतं.

ठमी!

तिने टांगलेली बादली आधी उतरवली, मग मान वळवून गच्चीकडे पाहिलं. कठडा मोकळा होता. पण आपण आत्तापर्यंत एकदासुद्धा तिकडे पाहिलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. भीती वाटली असती तर किती सोपं झालं असतं.

खाली साहेबांनी विचारलं, "कसं वाटलं?" संध्याकाळी फोन करते म्हणाली आणि जवळजवळ पळतच घरी आली.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर ठमी झोपलेली, शेजारी पिवळी चादर घडी करून ठेवलेली.

"आई, मी एकदाही बघितलं नाही," ती दारातूनच म्हणाली, आणि रडू फुटलं. "विसरलेच मी तिला. सपशेल विसरले."

"ठाऊक आहे. टाकली होती मी चादर."

ती आत येऊन खाटेशी बसली.

"केव्हा?"

"उन्हं वर आली तेव्हा. घर डोक्यावर घेतलं होतं तिने. बाटलीला तोंड लावेना. चादर टाकली, तुझी वाट बघितली. तू काही आली नाहीस. मग तिला घेऊन फेऱ्या मारल्या, रडून रडून दमली, प्यायली थोडं, झोपली. मी चादर काढून आणली."

"आणि तिला काही झालं असतं तर?"

"तर मी साहेबांना फोन केला असता. मी काय बावळट आहे?"

ठमीच्या गालावर सुकलेल्या अश्रूंचा ओघळ होता. तिने तो बोटाने पुसला. आयुष्यात इतकं लाजिरवाणं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आता पुढच्या वेळी दर फेरीला बघत जाईन," ती पुटपुटली. "नाहीतर ते टेबलच—"

"अजिबात बघायचं नाही," सासूबाई एकदम म्हणाल्या. "पोट उघडलेला माणूस टेबलावर असायचा, तेव्हा माझाही मुलगा घरी रडतच असेल. मी घड्याळाकडेसुद्धा बघत नव्हते. तुझ्या हुकाखाली माणसं उभी असतात ना? त्यांचीही घरी कुणी वाट बघतं. वर गेलीस की हुकाकडे बघ. इथलं मी बघते. आणि विसरलीस म्हणून रडायचं नाही. जमणार नसेल तर मात्र टेबल घे, मी एका शब्दाने बोलणार नाही."

इतकं सलग बोलताना सासूबाईंना तिने कधी ऐकलं नव्हतं. ठमी जागी झाली, डोळे उघडून तिच्याकडे बघत राहिली, जराही न रागावता, आणि दुधासाठी तोंड वासलं. तिने तिला पदराखाली घेतलं. मोकळ्या हाताने फोन लावला.

"मधल्या सुटीत मी खाली येईन," तिने साहेबांना सांगितलं. "सासूबाई पोरीला तिथे आणतील. ऑफिसमागची खोली तेवढी रिकामी करून ठेवा."

"ठेवतो की. पण ठरलं काय, टेबल की वर?"

ठमी चुटुचुटु आवाज करत पीत होती.

"वर," ती म्हणाली.