आमची माती आणि लिंबायत

तेलगावच्या स्टँडवर बीडची गाडी लागली तेव्हा आमच्या अप्पांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. लेक परमुलखात निघाली की बाप डोळ्याला रुमाल लावतो. आमचे अप्पा कंडक्टरला सांगत होते की पोरगी सुरतेला चाललीय, पण फिकीर नाही, तिथं आपल्याच लोकांची अख्खी वस्ती आहे. आई तेवढी पदर तोंडाला लावून उभी होती. मी जन्माची भित्री. विहिरीत डोकवायला भिणारी, वळू दिसला की गल्ली बदलणारी. पण अप्पांच्या त्या बोलण्यावर विसंबून मी गाडीत चढले.

आपले लोक म्हणजे लिंगायत वाणी. तेलगावात आमचं किराणा-भुसाराचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि कुणी आपलं भेटलं की ‘शरणार्थ’. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गाव आष्टी तालुक्यातलं कडा. तिथल्या साखर कारखान्यात हे हंगामापुरते कारकून होते, बाकीचे महिने घरी. त्या वर्षांत जो तो नव्या गिरण्यांच्या, नव्या कामांच्या गोष्टी करायचा. यांच्या एका दोस्तानं सुरतेत साड्या रंगवायच्या गिरणीत बारमाही काम बघून दिलं. अप्पांनी विचारलं, राहणार कुठं? हे म्हणाले, लिंबायतला. अप्पांना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यांना ऐकू आलं, लिंगायतला. ज्या वस्तीचं नावच लिंगायत, तिथं पोरीला कसलं भ्या, असं म्हणून त्यांनी एका बैठकीत होकार दिला.

लिंबायतला उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस मी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची कपाळं बघत होते. खानदेशी होते, ओडिशाचे होते, यूपीचे होते, मुसलमान होते. कपाळाला विभूती म्हणाल तर औषधाला नाही. एका म्हाताऱ्याच्या कपाळावर पांढरं दिसलं म्हणून मी घाईघाईनं हात जोडून ‘शरणार्थ’ म्हटलं, तर तो भिंतीला चुना मारून आलेला माणूस निघाला. त्यानं मला ‘जय श्रीकृष्ण’ केलं. हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही, रडूच आलं. पुढं एसटीडी बूथवरून आईला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, “तुझ्या बापाला सांगू नगं. त्येंचं काळीज बसंल.” अप्पा शेवटपर्यंत पाव्हण्यांना सांगत राहिले की सुरतेत आपल्या समाजाची एवढी मोठी पेठ आहे.

आता माझी खरी भीती सांगते. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना ती कळेल, राहिलेत त्यांना कदाचित हसू येईल. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. शेतात खड्डा करून त्याला मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचं लिंग ठेवतात, बेल आणि विभूती वाहतात आणि वरून माती लोटतात. म्हणून आम्ही अंत्यविधीला जायचं असलं की ‘मातीला चाललो’ म्हणतो. माझ्या मनात एकच घोळायचं, इथं आपल्याला काही झालं तर ही भली माणसं चार लाकडं गोळा करतील आणि आपल्याला जाळून मोकळी होतील. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? हे म्हणायचे, मेल्यावर तुला काय कळणार आहे! ते कशालाच भीत नसत. गिरणीत अंगावर कढत रंगाचं पाणी उडालं तरी घरी येऊन शिट्टी वाजवत जेवायला बसायचे. त्यांच्या वाटची भीतीही मलाच उचलावी लागायची.

आमची लेक उमा वर्षाची झाली त्या पावसाळ्यात बीडकडून बातमी आली. बीडजवळच्या एका खेड्यात उंदीर पटापट मरून पडले आणि माणसांना गाठीचा ताप आला. प्लेग. हा शब्द मी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. आमच्या चाळीत ज्या बायका रोज उमाला मांडीवर घ्यायच्या, त्या आता दुरूनच हात हलवायला लागल्या. ‘बीडवाली’ हे माझं नाव पडलंच होतं, आता ते हळू आवाजात घेऊ लागल्या. फक्त शेजारची इंदूबाई, मूळची अमळनेरची, पहिल्यासारखी येत राहिली. आणि मग गणपती बोळवून फार दिवस झाले नव्हते, तोच सुरतेतच माणसं मरायला लागली. ताप, खोकला, रक्त, आणि खेळ खलास. दवाखान्यांतले डॉक्टर पळाले म्हणे. औषधाच्या दुकानांतून गोळ्या संपल्या. एका दिवसात निम्मी चाळ रिकामी झाली.

त्याच दुपारी उमाचं अंग तापलं.

यांनी मला सांगितलं की सामान बांध, आपण तुझ्या घरी जाऊ. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अप्पांच्या घरापर्यंत पोचलो की सुटलो. पोरगी जगेल. आणि नाही जगली तरी जळणार नाही. असा विचार आईच्या मनात यावा याची आजही लाज वाटते, पण तो आला होता. इंदूबाईला जायला गावच उरलं नव्हतं. तिनं इथं राहून खोली सांभाळायला आमची किल्ली घेतली आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, “जाय वं माय, मी शे ना आठे.”

स्टेशनवर सगळ्यांची तोंडं रुमालानं बांधलेली. कुणी खोकलं की भोवती रिंगण मोकळं व्हायचं. मी उमाला छातीशी घट्ट धरलं होतं, तिची धग माझ्या अंगाला लागत होती आणि ती खोकू नये म्हणून मी सारखी तिला पाजत होते. जळगावला उतरून औरंगाबादची एसटी धरली. एका बाईनं विचारलं, कुठून आलात? हे म्हणाले, जळगावहून. बीडच्या स्टँडवर आणखी निराळी तऱ्हा. तिथली माणसं आधीच धास्तावलेली, भिंतीच्या कडेनं पांढरी पावडर मारलेली आणि सुरतेची गाडी म्हटली की पळापळ. बीडवाले म्हणून आम्ही सुरतेत लांब आणि सुरतवाले म्हणून बीडात लांब. मधल्या जळगावात तेवढा चहा मिळाला.

तेलगावला उतरलो तर अप्पा समोर उभे. आम्ही निघाल्याचा निरोप बूथवाल्यानं त्यांना दिला होता. ते बैलगाडी घेऊन आले होते, गाडीत गोधड्या, घागर, पातेली. मी पाया पडायला पुढं झाले तर त्यांनी दोन पावलं मागं घेतली आणि गाडीत बसा म्हणाले. एवढंच. स्वतः बैलांच्या पुढं चालू लागले. स्टँडवरची ओळखीची माणसं आमच्याकडं बघत होती, कुणी जवळ आलं नाही. आमची गल्ली आली. मला आमचं दार दिसलं, दुकानाची फळी दिसली, आणि गाडी वळलीच नाही.

मी म्हटलं, अप्पा, घर मागं राहिलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. यांनी माझा हात दाबला. गावाबाहेरच्या आमच्या शेताकडं गाडी चालली आहे हे लक्षात आलं तसं मी उमाला आणखी जवळ ओढलं. त्या शेतात एका कडेला आमच्या घराण्याच्या समाध्या आहेत. पणजोबापासून सगळे तिथंच बसलेले. उमाचा ताप उतरला नव्हता. मला कळेना की अप्पांनी आम्हाला ठेवायला आणलंय की पुरायला. गाडी थांबली आणि माझा बांध फुटला.

“अप्पा, जित्या लेकीला हितं कावून आनलं?”

अप्पांनी बैल सोडले आणि मग माझ्याकडं पाहिलं. आमचे अप्पा भ्यालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

“भुसारात उंदीर पडलेत बाई. रोज घावतेत. तुझ्या आईला अन् बसूला बी सकाळीच हितं आनलं,” ते म्हणाले. “त्या घरात उंदराचं भ्या हाय. हितं फकस्त आपली मानसं हायत.”

तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून आई आणि माझा धाकटा भाऊ बसू बाहेर आले. निजामाच्या काळात उंदीर पडले तेव्हा सगळं गाव असंच शेतांतून राहिलं होतं, हे अप्पांनी आजीकडून ऐकलेलं. स्टँडवर ते मागं सरले होते ते आमच्या भीतीनं नव्हे. चार दिवस मेलेले उंदीर त्यांनीच चिमट्यानं उचलून जाळले होते आणि लेकीला, नातीला आपला हात लावायचं त्यांना धाडस होत नव्हतं. मी त्यांना न विचारता उमाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग मात्र ते लहान पोरासारखे रडले.

धारूरहून डॉक्टर आणला. तो सायकल लांब लावून, नाकाला रुमाल बांधून आला, उमाला तपासलं, तिचं तोंड उघडून पाहिलं आणि हसला. दाढा येत होत्या. एवढ्या सगळ्या मरणाच्या बाजारात आमची पोरगी दाढांचा ताप घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली होती. आम्ही त्या शेतात दसऱ्यापर्यंत राहिलो. दुपारी ऊन चढलं की आई समाधीच्या चौथऱ्यावर ज्वारी पाखडायची आणि उमा तिथंच रांगायची. इतक्या दिवसांत मला एकदाही भीती वाटली नाही, हे मागाहून ध्यानात आलं.

गावात परतल्यावर वाटायला लागली. माझी बालमैत्रीण मला बघून आत गेली आणि कडी लावली. ती वाईट नव्हती, तिचीही पोरं लहान होती. त्याच दिवसांत अप्पांनी यांच्यापुढं गोष्ट काढली. परत कशाला जाता, दुकानात बसा, बसूला जोड होईल. हे तयार होते. सुरतेला जायला आधीपासून मीच नाखूश, त्यामुळं माझा होकार सगळ्यांनी धरूनच चालला होता. पण मला रात्रंदिवस ती कडी ऐकू यायची आणि इंदूबाईच्या हातातली आमची किल्ली आठवायची. मी म्हटलं, भ्यायचंच असेल तर आपल्या खोलीत जाऊन भिऊ. अप्पा म्हणाले, “जा. पर मातीला तरी हितं या.”

त्यांच्या स्वतःच्या मातीला आम्ही आलो. तोवर उमा दुसरीत गेली होती. अप्पा दुकानाच्या गादीवरच गेले, आणि सुरतेहून मी पोचेपर्यंत बसूनं त्यांना भिंतीला टेकवून बसवून ठेवलं होतं. विभूतीनं चेहरा पांढरा झालेला, गळ्यात झेंडूचा हार. स्वामींनी मंत्र म्हटले, खड्ड्यात उतरून त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मी बेलाचं पान वाहिलं आणि मूठभर माती टाकली.

सगळं झाल्यावर बसू माझ्याजवळ आला. अप्पांच्या शेजारची जागा आईची. तिच्या पलीकडं बोट करून तो म्हणाला, “ताई, ही तुझी. लेकीची माती सासरच्या शेतात असती म्हनत्यात, म्हनू दे. मी धरून ठिवतो.” चुलत्यांनी नाकं मुरडली. यांनी काही आक्षेप घेतला नाही. मी त्या जागेकडं बघत राहिले आणि इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सुरतेत जगू, इथं येऊन बसू. अप्पा शेजारी आहेतच. परत यायचं की नाही, याचा निकाल लागला म्हणायचा.

उमा माझा पदर धरून उभी होती. ती लिंबायतची, तिचं मराठी निम्मं गुजरातीतून वाहत येतं. तिनं मामाचं बोलणं ऐकलं, जागा पाहिली आणि मला विचारलं, “मम्मी, तू इथे राहशील तो मला तुला मिळायला एटलं लांब यावं पडेल?”

तिच्या लेखी घर म्हणजे आमची ती रंगाच्या वासाची खोली, इंदूबाईचा ओटा, शाळेचा रस्ता. तेलगाव म्हणजे आजोबा, आणि आजोबा आता मातीखाली. जी भीती मी तेलगाव सोडताना घेऊन निघाले होते, आपलं माणूस लांबच्या मातीत एकटं राहील ही, तीच मी तिच्या ओटीत घालायला निघाले होते. तुम्ही माझ्याआधी किंवा माझ्यानंतर बाहेर पडलात त्यांनी हे कसं सोडवलं, मला ठाऊक नाही. मला जे सुचलं ते मी केलं.

तेरावं नसतंच आमच्यात, त्यामुळं लवकर निघालो. परतीच्या गाडीत उमा माझ्या मांडीवर झोपली होती. बीडच्या पुढं गेल्यावर मी यांना म्हटलं, “सुरतेत आपल्या लोकांची माती कुठं होते, जरा चौकशी करा.”

कढत रंगाला न भिणारा माझा नवरा माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यांनी उमाच्या अंगावरची शाल उगाचच सारखी केली आणि म्हणाले, “करतो.”