मेस्त्री टीचरांनी कापलेल्या दोन ओळी

शकुंतला मेस्त्री आमच्या शाळेत मराठी शिकवते, मी गणित. घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. एकोणीस वर्षं आम्ही दोघी स्टाफरूममध्ये शेजारी बसतोय. तिचे वडील मालवणकडचे, परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा भांडुपला एका सोसायटीत वॉचमन झाले आणि ड्युटीवर बसल्या बसल्या लेकीकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायचे. शब्द चुकला तर म्हणायचे, "पुन्हा वाच, त्या माणसाने काहीतरी सांगायला लिहिलंय." घरातली पहिली शिकलेली ती, आणि पहिली सरकारी पगाराची मास्तरीणही तीच. चिडली की तिची भाषा थेट मालवणला जाते. एरवी ती आमच्यासारखीच मुंबईची मराठी बोलते.

गेल्या वर्षी नववी ब ला तिने 'माझा आवडता पक्षी' हा निबंध दिला. बेचाळीस वह्या आल्या, बेचाळीस मोर. तिने वर्गात विचारलं, "खरा मोर कोणी कोणी बघितलाय?" एकही हात वर नाही. "मग बघितलाय तो पक्षी लिहा रे!"

दुसऱ्या दिवशी ओजस नावाच्या पोराने चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यात उरलेल्या शेवटच्या कोंबडीवर लिहून आणलं. 'दुपारी बारापर्यंत तिला गर्दीचा कंटाळा होता. आता तिला जागा मिळालीय, पण ती कोपऱ्यातच उभी आहे.' शकूने ते स्टाफरूममध्ये उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर तिचा चेहरा असा झाला होता, जसं काही तिच्याच पोराचं बारसं आहे.

त्यातून ब्लॉग निघाला. नाव ओजसनेच दिलं. नववी ब, म्हणून 'नववी बडबड'. कॉम्प्युटर रूममधले सहा चालू कॉम्प्युटर आणि शकूचा फोन, एवढ्यावर ते चालायचं. दर शुक्रवारी नवा लेख. एका मुलीने लिहिलं, 'आमच्या घरात एक आरसा आणि माणसं पाच, म्हणून मी माझा चेहरा नेहमी ताईच्या केसांमागून बघितलाय.' एकाने बिल्डिंगच्या लिफ्टवर लिहिलं. आईबापांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फिरायचं. शकू प्रत्येक लेखाखाली स्वतः कमेंट टाकायची. 'झकास' हा शब्द तिने तेव्हा जेवढा वापरला तेवढा तोवरच्या अख्ख्या आयुष्यात वापरला नसेल.

मग श्रुतिका साळवेचा लेख आला. श्रुतिका टेकडीवर राहते. वडील कुरियरच्या गोडाऊनमध्ये, आई प्रियंका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पोरगी वर्गात बोलायची नाही. तिच्या लेखाचं नाव होतं 'पाणी न पिण्याची कला'.

'सकाळी चहा अर्धाच कप. डब्यात लोणचं नको, लोणच्याने तहान लागते. वॉटरबॅग मात्र भरून न्यायची, नाहीतर आई विचारते. चौथ्या तासाला ती खिडकीतून खालच्या कढीपत्त्याला ओतायची. आमच्या शाळेचा कढीपत्ता फार हिरवागार आहे. सहाव्या तासाला जीभ टाळूला चिकटते, तेव्हा समजायचं की आपण जिंकत आलो.'

सगळी कला कशासाठी, तर शाळेतल्या मुलींच्या टॉयलेटमध्ये जावं लागू नये म्हणून. ते दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला आहे. तेव्हा तिथे तीन संडास होते. एकात मोडकी बाकं भरलेली, दुसऱ्याला कडी नाही, तिसरा तुंबलेला. आम्हा टीचर लोकांचं वेगळं, पहिल्या मजल्यावर, कुलूपबंद, आत साबणसुद्धा. आमच्यातली कोणीही त्या जिन्याच्या टोकापर्यंत कधी गेली नव्हती. वास यायचा, तेव्हा आम्ही स्टाफरूमचं दार लोटून घ्यायचो.

शकूने लेख मला दाखवला. दोन ओळींवर तिचं बोट थांबलं होतं. एक ओळ होती, 'आत गेलं की पायाखाली अळ्या वळवळतात, म्हणून आम्ही टाचांवर उभ्या राहतो.' दुसरी, 'पाळीच्या दिवसांत आम्ही येतच नाही, आणि टीचर हजेरीत आजारी म्हणून लिहितात.'

"वाचणाऱ्याला किळस येईल गं," शकू म्हणाली.

"काढ, काढ," मी म्हणाले. "पोरीचं नाव आहे खाली. उद्या चिडवतील तिला."

ती कारणं खरी होती की आम्हाला सोयीची होती, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही. तिने दोन्ही ओळी काढल्या आणि लेख टाकला.

तरीसुद्धा तो पसरला. कोणीतरी माजी विद्यार्थिनीने शेअर केला, तिथून तो कुठच्या कुठे गेला. सोमवारी मुख्याध्यापिका रुचिरा मॅडमनी शकूला बोलावलं. तिथे संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या नितेश बसला होता. वय अठ्ठावीस, पांढरेशुभ्र बूट, संस्थेचं 'डिजिटल' बघतो. त्याने शकूला बसायला खुर्ची दिली. ती मला नंतर म्हणाली की तिथेच तिला संशय यायला हवा होता.

"मॅम, कन्टेन्ट एक नंबर आहे," नितेश म्हणाला. "पोरं टॅलेंटेड आहेत यार. फक्त थोडं निगेटिव्ह जातंय ना. अॅडमिशनचा सीझन आहे. आपण हँडल करतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"म्हणजे काय करणार?"

"काही नाही, जरा पॉलिश."

रुचिरा मॅडम म्हणाल्या, "मेस्त्री, ब्लॉग शाळेच्या नावाने आहे. पासवर्ड देऊन टाका."

शकूने दिला. भांडली नाही. शाळेची पटसंख्या आधीच घसरलेली, एक तुकडी बंद झाली तर कोणाची नोकरी जाईल हे सगळ्यांना पाठ होतं.

आठवड्याभरात 'नववी बडबड'वर श्रुतिकाचा लेख नव्याने आला. शीर्षक, 'पाणी म्हणजे जीवन'. 'आमच्या शाळेच्या रम्य प्रांगणात शुद्ध पाण्याची उत्तम सोय असून आम्ही विद्यार्थिनी दररोज भरपूर पाणी पितो.' खाली श्रुतिकाचं नाव, तिचा ओळखपत्रावरचा फोटो. ओजसची कोंबडी गेली, तिच्या जागी 'रंगीबेरंगी पक्ष्यांचे अद्भुत विश्व' आलं. सगळे लेख नितेशने फोनवरच्या कुठल्यातरी अॅपकडून लिहून घेतले होते. प्रत्येकाच्या शेवटी 'चला तर मग, आपण सारे मिळून' असं होतंच. मुलांच्या तोंडात दुसऱ्याने चावलेला घास कोंबावा तसं ते वाटत होतं. मला वाचवेना.

त्या दिवशी माझा तास शेजारच्या वर्गात होता. मधलं पार्टिशन प्लायवूडचं, सगळं ऐकू येतं. श्रुतिका उभी राहिली.

"टीचर, हे मी नाही लिहिलं."

"मला माहितीये बाळा," शकू म्हणाली. "मी बोलणार आहे त्यांच्याशी."

"पण टीचर, आधीचं पण पूर्ण माझं नव्हतं. तुम्ही दोन ओळी काढल्यात. मला विचारलं पण नाही."

शकूने खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांनी जास्त काढलं, तुम्ही कमी काढलं," श्रुतिका म्हणाली आणि खाली बसली. आवाजात राग नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं तिने.

मधल्या सुट्टीत शकू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चल."

"कुठे?"

"वर."

आम्ही जिना चढलो. दारापासूनच डोळे झोंबायला लागले. आत जमीन ओली, काळपट, आणि ती हलतेय असं वाटत होतं. मी उंबऱ्यावरच थांबले. शकू आत गेली. मधल्या संडासात, कडी नसलेल्या दारामागे एक सहावीतली पोर होती, तिची मैत्रीण बाहेरून दार धरून उभी. दोघी टाचांवर. आम्हाला बघून त्या घाबरल्या. आपलं काहीतरी चुकलंय असंच त्यांना वाटलं असणार.

शकूने कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओकलं. नळाला पाणी नव्हतं. दार धरून उभ्या मैत्रिणीने आपली वॉटरबॅग काढून शकूपुढे धरली.

खाली येताना जिन्यावर ती बसली. मी म्हणाले, "घाण आहे गं, शिसारी आली मला."

"त्येची नाय," ती म्हणाली. "माकाच माझी घाण येता गो. पोरीन लिवलेला माका वाचूक नको झाला. आणि ती थय रोज उभी रवता."

त्या शनिवारी पालकसभा होती. दरवेळी शकू प्रगती, वह्या, गैरहजेरी यावर बोलते. त्या दिवशी तिने श्रुतिकाची परवानगी घेतली, तिची मूळ वही उघडली आणि लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या दोन ओळींपाशी आली तेव्हा म्हणाली, "या ओळी मी काढल्या होत्या. चूक माझी." आणि त्या वाचल्या.

मागून एक बाप म्हणाला, "ओ टीचर, हे असलं सगळ्यांसमोर बोलायचं असतं का?"

श्रुतिकाची आई प्रियंका उठली. कामावरून थेट आली होती, खांद्याला नमुन्यांची पेटी तशीच. "माझ्या पोरीला वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं," ती म्हणाली. "मी स्वतः लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट माझ्याच हातात आला. आणि मी ओरडले कोणाला? तिला. पाणी पीत नाहीस म्हणून." मग त्या बापाकडे वळली. "चला ना दादा, वरती जाऊन बघू. बोलायला नको, नुसतं बघू."

पंधरा-वीस बायका जिना चढल्या. रुचिरा मॅडम मागून धावत आल्या, नाकाला पदर लावून. प्रियंका त्यांना म्हणाली, "पदर काढा मॅडम. पोरी रोज येतात इथे, त्यांच्याकडे पदर नसतो."

बारा दिवसांत काम झालं. बाकं निघाली, तुंबलेला मोकळा झाला, कड्या लागल्या, टाइल्स बसल्या, नळाला पाणी आलं. एवढंच करायचं होतं, आणि त्याला इतकी वर्षं लागली होती. चांगलं झालं म्हणावं, तर तेराव्या दिवशी नितेश कॅमेरा घेऊन आला. नव्या टाइल्ससमोर हसत पाणी पिणाऱ्या मुलींचा फोटो त्याला हवा होता. श्रुतिकाने नाही म्हटलं. मग सातवीतली एक पोर उभी केली. ब्लॉगवर फोटो चढला, 'विद्यार्थिनींच्या आरोग्यासाठी संस्थेचा पुढाकार'.

याच्यावर कळस म्हणजे बक्षीस. शाळांना पुरस्कार वाटणाऱ्या कुठल्याशा मंडळाने 'सर्जनशील वर्ग' म्हणून 'नववी बडबड'ची निवड केली. निवडपत्रात त्यांनी आवडलेली वाक्यं दिली होती. त्यात 'रम्य प्रांगण' होतं, 'अद्भुत विश्व' होतं. मुलांनी लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून नाव मात्र शकुंतला मेस्त्री.

शकूने त्यांना पत्र लिहिलं. कोणाला शिव्या नाहीत. 'हे लेखन माझ्या विद्यार्थ्यांचे नाही. त्यांचे लेखन सोबत जोडत आहे. वाचून ठरवावे.' सतरा मूळ लेखांच्या झेरॉक्स जोडल्या, रजिस्टरने पाठवलं. दहा दिवसांनी फोनवर मेसेज आला. 'आपल्या भावना पोहोचल्या! कार्यक्रमासाठी आपला दोन मिनिटांचा सकारात्मक व्हिडिओ पाठवावा.' शकूने फोन टेबलावर पालथा टाकला आणि हात धुवायला गेली. ती पुरस्काराला गेली नाही. नितेश गेला. ट्रॉफी ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे, शिपाई ती शुक्रवारी पुसतो.

पुढे शकूला मेमो मिळाला, पूर्वपरवानगीशिवाय पालकसभेत 'आक्षेपार्ह मजकूर' वाचल्याबद्दल. चौकशीसाठी स्टाफकडून लेखी घेतलं. प्रश्न एकच होता. मेस्त्री मॅडमनी तो मजकूर वाचला का? मी 'होय' लिहिलं आणि सही केली. खाली चार ओळींची जागा रिकामी होती. तो मजकूर काय होता, तो आक्षेपार्ह का नव्हता, मी स्वतः 'काढ, काढ' म्हटलं होतं, काहीही लिहिता आलं असतं. मी पेन बंद केलं.

मी शकूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खरं तेच लिहिलंस ना? मग झालं." यापेक्षा तिने कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

तिच्याकडची नववी काढून घेतली. आता ती पाचवीला शिकवते आणि बदली तास घेते. ब्लॉग अजून चालू आहे. दर सोमवारी कुठल्याशा मुलाच्या नावाने कसल्यातरी दिनाचं महत्त्व त्यावर येतं. मुलं तो बघत नाहीत, त्यांना त्याची लाजही वाटेनाशी झालीय, आणि मला त्याचीच जास्त शिसारी येते.

श्रुतिका यंदा दहावीला आहे. मागच्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात आली, शकूच्या हातात एक वही दिली आणि म्हणाली, "टीचर, वाचा. पण काही काढायचं असेल तर आधी मला सांगा."

शकूने पूर्ण तास लावून ती वाचली. मग मिटून, दोन्ही हात वर ठेवून बसली.

"कशावर आहे?" मी विचारलं.

"आपल्यावर. ह्या खोलीवर." तिने वही माझ्यापुढे सरकवली. "वाच. एक अक्षर काढायचं नाहीये त्यातलं."

वही तीन दिवस माझ्या कपाटात आहे. पहिलं पान उघडलंय. पहिल्या ओळीत दार लोटून घेणाऱ्या बायका आहेत.