चकतीचं सासर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात पंचवटीतल्या आमच्या मंडळाने दगडी चकती फेकण्याचा जुना खेळ पुन्हा सुरू केला. ज्याची चकती खुंटीच्या सगळ्यात जवळ पडेल, त्याला नारळ. पंच मी.

एक भाजीवाला आला. चकतीला कुंकू लावून म्हणाला, "जाय बाई, सासरी!" ती थेट खुंटीला टेकली. नारळ मंडळातच राहावा म्हणून मी धुरळ्यात तिच्यावर पाय ठेवला.

सगळे शोधू लागले. "पंच, जरा सरका की!"

"पंचाला हलता येत नाही."

भाजीवाला माझ्या चपलेकडे बघून हसला. "ऱ्हाऊ द्या साहेब. पोर सासरी रमली."

ती आमच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण होऊन बसली आहे. तिला माहेरी पोचवायचं माझ्याकडे अजून राहिलंय.