फाटकावरची चावी

म्हसवडच्या पुढे पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या फाटकावर फौजेतून निवृत्त झालेले गावातलेच एक मामा पहारा करतात. शर्टाला कडक इस्त्री असते. मी गेलो की आधी वही पुढे करतात. "कामाचं कारण लिव." मी 'अन्याय' लिहितो. "मागल्या खेपंलाबी ह्येच हुतं," म्हणतात.

कंपनीने गावाला न विचारता कुंपण घातलं आणि मेंढरांची पाण्याकडची वाट अडली. वाऱ्याची वीज स्वच्छ, हे चळवळीचा कार्यकर्ता म्हणून गावोगाव मीच सांगतो. पण ती गावाला डावलून येणार असेल तर लाज वाटायला हवी. वाट मोकळी करा, या आमच्या निवेदनावर मामांनी तीनदा सही नाकारली. मी त्यांना तोंडावर कंपनीचा माणूस म्हणालो.

"व्हय की. पगार तिचाच खातोय."

परवा दुपारी मी तिथेच होतो. मेंढरं आली. मामांनी फाटक उघडलं, कळप पाण्यावर जाऊ दिला आणि खराट्याने लेंड्या झाडून टाकल्या. वहीत नोंद नाही.

"आता तरी सही करा, मामा."

"सही केली की मला काढत्याल, गड्या. मग चावी कुणाच्या हातात जाईल?"

मी निवेदन पिशवीत ठेवलं. मामांनी वही पुढे केली आणि माझी जाण्याची वेळ लिहून घेतली.