कोझुहामाची जास्तीची टाळी

सून खोटं बोलते आहे, हे फुसाएला तिच्या सपातांवरून कळलं.

"दुकानात जाऊन येते, आई," म्हणून मिझुहो रोज चार वाजता बाहेर पडायची आणि तासाभराने घामाघूम होऊन परतायची. पिशवीत फार तर एक तोफू. दुकानाचा रस्ता डांबरी, आणि सपातांच्या तळाला पांढरी बारीक खडी. तशी खडी गावात दोनच ठिकाणी होती. एक देवळाच्या आवारात, दुसरी शहरातली घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या दलालाच्या दारात. देवळात रोज जाण्याइतकी सून भाविक नव्हती.

फुसाए बहात्तर वर्षांची. चाळीस वर्षं कालवं फोडून तिला शिंपलं हातात घेताच आतलं कळायचं. माणसांचंही तसंच कळतं, अशी तिची खात्री होती. त्सुनामीच्या लाटेने कोझुहामा वाडी नेली तेव्हा बत्तीस घरं होती. टेकडीवर येऊन चार उरली. घर कसं उठतं ते तिने अठ्ठावीस वेळा पाहिलं होतं. आधी सून गप्प होते, मग खोकी येतात, मग मुलगा मान खाली घालून बोलायला बसतो. माळ्यावर तीन खोकी आली होती. आता तिचा मुलगा कोहेई कधी बोलतो, एवढंच उरलं होतं.

"तोकिए, माझी सून कुठे दिसते का गं तुला?" तिने कालवांच्या शेडमध्ये वाडीतल्याच जुन्या मैत्रिणीला विचारलं.

"मला? मी कशाला बघायला जाऊ तुझी सून!" तोकिए फार लवकर बोलली, आणि तिचा सुरा घसरला.

म्हणजे हिलाही ठाऊक आहे.

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला फुसाए लाटेनंतर कधी उतरली नव्हती. ती भाजलेल्या माकुळाच्या ठेल्यामागे बसायची. कोझुहामाची माणसं नाचात जाळं फेकल्याचा हात केल्यावर एक टाळी जास्त वाजवत, आणि बाकीच्या वाड्या हसत, "यांना मोजता येत नाही!" आता ती टाळी कोणी वाजवत नव्हतं, त्यामुळे हसायला कारणच नव्हतं.

ढोल सुरू झाला. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या आणि मागून एकटीच एक टाळी पडली.

फुसाएने मान वर केली. रिंगणात निळ्या सुती किमोनोत मिझुहो होती. टाळी बरोबर, पण जाळं डावीकडे. सगळ्या जगाचं उजवीकडे. फुसाएने शेजारी पाहिलं. तोकिए माकूळ उलटण्यात नको तितकी गढली होती.

"समोर उभी राहून शिकवलंस ना हिला? देवळात?"

"माझे गुडघे दुखतात. गोल कुठून फिरू? एका जागी उभी राहूनच दाखवलं."

फुसाए उठली आणि सुनेच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या पाठीकडे बघ. समोरून शिकलं की उलटंच येतं."

"आई! नाच नीट बसला की तुम्हाला सांगणार होते."

"आणि माळ्यावरची खोकी?"

"थंडीचे कपडे आहेत, आई. दरवर्षीचेच."

"जायचं नाही ना तुम्हाला?"

"कुठे?"

ऐकायला बरं वाटलं. पण अठ्ठावीस घरांनीही असंच विचारलं होतं, कुठे म्हणून. फुसाएने उजवीकडे जाळं फेकलं आणि कान मागे ठेवला. तिची स्वतःची जास्तीची टाळी पडली, आणि मागोमाग सुनेची, जरा उशिरा.

उद्या एकदा खोकी उघडून बघायची, असं तिने ठरवलं.