उशिरा पोचलेलं 'होय म्हाराजा'

वनमाला घाडीगावकर रागीट बाई आहे, हे कांजूरमार्गला स्टेशनपासून तिच्या बिल्डिंगपर्यंत कोणालाही विचारा. भाजीवाल्याने पिशवीत एक नासका टोमॅटो टाकून बघावाच, आणि मग आपले कान सांभाळावेत. तीसेक वर्षं तिने घरात पाळणाघर चालवलं, पण पोरांवर कधी आवाज चढवला नाही. राग सगळा मोठ्यांसाठी राखून ठेवलेला. "पोरं न कळून चुकतात," ती म्हणायची, "तुम्हा मेल्यांना काय धाड भरलीये?"

नवरा जयवंत अगदी उलट, गरीब गाय. गिरणी बुडाली तेव्हा त्याच्या तोंडून शिवी निघाली नाही, पुढे विक्रोळीच्या एका कारखान्यात गेटवर उभं राहावं लागलं तेव्हाही कुरकुर नाही. पण वर्षातून एकदा, कुडाळजवळच्या गावच्या घरी, गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की ह्याच गायीचा वाघ व्हायचा. थोरला म्हणून मान त्याचा. तो देवाला एकेक मागणं सांगणार, आणि मागे उभं असलेलं सगळं घर एका दमात "होय म्हाराजा!" म्हणणार. वाक्य संपलं की लगेच होय. त्या होयशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं तिथली माणसं धरून चालतात.

गेल्या माघात जयवंतला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं विस्कटलं. चहा मागायला जायचा आणि तोंडातून 'छत्री' निघायचं. मग स्वतःच रडायचा. अख्खं आणि बरोबर निघायचं ते एकच, 'होय म्हाराजा'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मभर पाठ असलेलं राहतं कधी कधी. झालं, वनमालाने तेवढं घट्ट धरून ठेवलं. जेवण भरवताना मुद्दाम गाऱ्हाणं घालायची, "आजच्या कढीक मीठ कमी पडला, तां गोड मानून घे रे म्हाराजा!" जयवंत हसायचा आणि होय द्यायचा. किती वेळाने द्यायचा ते तिने कधी बघितलंच नाही. घास भरवणाऱ्याला कसली आलीये घाई?

ह्या वर्षी गावी जाणं शक्यच नव्हतं. गाऱ्हाणं धाकटा भाऊ नंदकुमार घालणार होता. कॅनडातल्या मुलाने, प्रीतमने, तोड काढली. सगळ्यांनी कॉम्प्युटरवरून आवाजाने जोडलेलं राहायचं आणि बाबांनी घरातूनच होय द्यायचं. वनमालाला बाकी काही नको होतं. आपल्या माणसाचं होय घराच्या होयमध्ये मिसळावं, म्हणजे तो अजून त्या घरात आहे असं होईल, एवढ्यातच तिचा जीव अडकला होता.

जयवंतला ऐकू कमी येतं, आणि जुन्या लॅपटॉपचा आवाज म्हणजे डबीतला डास. म्हणून प्रीतमने ऑनलाइन एक स्मार्ट स्पीकर धाडला आणि तिकडून सांगत सांगत लॅपटॉपला जोडून घेतला. "आई, झकास आवाज आहे, खोली भरून जाईल."

चतुर्थीला पूजा आटोपली. जयवंतला धुतलेला सदरा घालून वनमालाने टेबलाशी बसवलं. स्पीकरमधून नंदकुमारचा आवाज आला. "बा देवा गजानना! आज जी काय वेडीवाकडी सेवा आमी केलव, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावचं घर गरजलं. नंदकुमार पुढच्या वाक्याच्या मध्यावर पोचला, आणि तेव्हा कुठे कांजूरहून जयवंतचं होय पोचलं. पलीकडे पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या मागण्याला तेच, तिसऱ्यालाही तेच. चौथं मागणं घालून नंदकुमार अडखळला, थांबला. आपलं बोलणं माइकला ऐकू जाणार नाही असं वाटून बायकोला हळूच म्हणाला, "दादाचा काय आता खरा नाय गो."

आणि नेमकं त्याच वेळी, खणखणीत, "होय म्हाराजा!"

सगळे फुटले. गाव हसलं, कॅनडा हसला. आणि जयवंत? त्याला काय झालं ते कळलंच नाही. सगळे हसतायत म्हणून तोही हसला. वनमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ते बघून.

"आई, बाबांना म्यूट कर ना जरा," प्रीतम म्हणाला. "डिले येतोय खूप."

तिने लॅपटॉपचं झाकण असं आदळलं की देव्हाऱ्यातली घंटा हलली. मग राहिलेला दिवस तिने त्या स्पीकरला झोडपलं. मढं बसवलं तुझं, काळतोंड्या, माझ्या माणसाचं हसं केलंस! खिडकीतून खाली टाकणार होती, पण खाली शेजाऱ्याची नवी गाडी होती.

तिची भाची मानसी दहिसरला राहते. मावशीच्या शिव्या फोनवर ऐकून ती दोन दिवसांनी स्वतःच आली. आपल्या फोनवरून लॅपटॉपला कॉल लावला आणि खोलीतच उभी राहून टाळी वाजवली. टाळी वाजली, हात खाली आले, आणि मग स्पीकरमधून दुसरी टाळी आली.

"बघ मावशी. ह्याला वायरशिवाय जोडलंय ना, म्हणून हा आधी आवाज साठवून घेतो आणि मग सोडतो. गाण्याला चालतं, बोलण्याला नाही चालत. पण मागे वायरचं भोक आहे." तिने पिशवीतून वायर काढून लॅपटॉप आणि स्पीकर जोडले. पुन्हा टाळी. ह्या वेळी दोन्ही टाळ्या जवळजवळ एकदमच वाजल्या.

"मग हे त्या दीडशहाण्याला सुचलं नाही?" वनमाला मुलावर उखडली, पण जीव भांड्यात पडला होता. "जा, गॅलरीत जाऊन गाऱ्हाणं घाल बघू."

मानसीने गॅलरीतून फोनवर मागणं घातलं. आवाज लगेच आला. जयवंतने मान उचलली. ओठ हलले, मिटले, पुन्हा उघडले. मानसी गॅलरीतून परत येऊन दारात उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "होय म्हाराजा."

"वायर नीट बसली नसेल," वनमाला म्हणाली.

मानसीने वायर दाबून बघितली.

"अगं काढून परत घाल ना!"

"मावशी, वायर बरोबर आहे गं."

वनमाला मोरीत गेली आणि धुतलेली भांडी परत घासत बसली. उशीर त्या डब्याचा थोडाच होता आणि बाकी सगळा तिच्या माणसाचा, हे तिला कळलं. रडू यायला हवं होतं, पण तिला रागच आला, आणि तो आता डब्यावर नव्हता.

पाचव्या दिवशी विसर्जन. दुपारी प्रीतमचा मेसेज आला, "आई, वायर लावलीस ते बेस्ट. तरी बाबांना म्यूटच ठेव, परत तसंच नको व्हायला." नंदकुमारने फोन करून तेच सांगितलं. दादाने नुसतं ऐकायचं.

संध्याकाळी सगळे जोडले गेले. नंदकुमारने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..."

"भावोजी, थांबा," वनमाला म्हणाली. "आज पयला गाऱ्हाणा मी घालतंय."

"वहिनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता!"

"आणि थोरल्या भावाचा तोंड बंद करूचा असता? खयच्या पोथीत लिवलाहा?"

"आई, प्लीज, आता सीन नको ना," प्रीतम मध्येच म्हणाला.

"तू गप रे! दीड वर्षाचा होईपर्यंत तुझ्या तोंडून 'आई' फुटत नव्हतं. ह्याच माणसाने तुला खांद्यावर घेऊन रोज संध्याकाळी 'आ' म्हण, 'आ' म्हण करत वाट बघितली. तेव्हा तुला कोणी म्यूट केलं होतं काय?"

वनमालाने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. आवाज रागाने थरथरत होता, तो तिने तसाच राहू दिला.

"बा देवा गजानना! ह्या घराच्या थोरल्याचो शब्द आता उशिरान येता. तेच्यासाठी थांबूची अक्कल ह्या शाण्यांका दे रे म्हाराजा!"

स्पीकरमधून काहीच आलं नाही. होय म्हणावं तर आपल्याला अक्कल नव्हती हे कबूल, आणि देवापुढे उभं राहून नाही कोण म्हणणार? जयवंतचे ओठ हलले, मिटले. डाव्या हाताने त्याने टेबलाची कड धरली. वनमाला त्याच्याकडे न बघता समोर बघत उभी राहिली.

"होय," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "म्हाराजा."

"आता तुमी म्हणा!" वनमाला ओरडली. "मूग गिळून कित्याक बसलात?"

"होय म्हाराजा!" गावचं घर एकदम म्हणालं. प्रीतमचं होय सगळ्यांच्या मागून आलं, घोगरं, आणि त्याला कोणी हसलं नाही. मग नंदकुमारने घसा साफ केला, पुढलं मागणं घातलं आणि थांबला.