देवाची कळी आणि गंगारामकाकांचं बटण

गंगाराम चुरींच्या वाडीत सोनचाफ्याची एकोणीस झाडं आहेत. काचबिंदूनं काकांचे दोन्ही डोळे गेले त्याला बारा वर्षं झाली, पण बाजारात जाणारी फुलं अजून तेच मोजतात. टोपलीत हात घालायचा, पहिली कळी बाजूला ठेवायची. ती देवाची, ती मोजायची नाही. दुसरीला एक म्हणायचं. बापाची रीत, आजाचीही तीच. हाताला इतकं वळण पडलंय की जेवतानाही पहिली भाकरी ते हिशोबात धरत नाहीत.

"तीन खाऊन दोन म्हणतात," मालनकाकी शेजारणींना सांगतात. "देव माझ्याच पिठावर जगतोय."

अशा मोजणीच्या माणसाचं मत मात्र तीन निवडणुका पुतण्या भावेश देत होता. दृष्टी नसलेल्या माणसाला सोबती नेता येतो, आणि तो माणूस सांगेल तेच बटण सोबत्यानं दाबायचं असतं. भावेश वालीवच्या कारखान्यात कामाला, आणि पक्षाच्या पताका बांधायला गावात सगळ्यात पुढे. मागच्या वेळी काकांनी त्याच्या कानात सांगितलं, "खालून दुसरं." काकांचा हात त्याच्या कोपरावर होता. यंत्र वाजलं, पण वाजण्याआधी कोपर वर गेलं. खालच्या फांदीसाठी कोणी कोपर वर नेत नाही, एवढं फुलं तोडणाऱ्याला कळतं.

काका घरी येऊन काकींना म्हणाले, "भावेशनं आज दोन मतं दिली. एक स्वतःचं, एक स्वतःचंच."

म्हणून यंदा त्यांनी ठरवलं, बटण आपलं आपण दाबायचं. माहिती द्यायला घरोघर फिरणाऱ्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "बटणांशेजारी उठावाच्या ठिपक्यांचे आकडे असतात, काका."

"ते मला वाचता येत नाहीत. मोजता येतं."

मालनकाकींनी पाटावर ओळीनं चिंचोके चिकटवले आणि आठवडाभर तालीम घेतली. "चौथं दाबा," म्हणाल्या की काका पाचवं दाबत.

"अहो, हे पाचवं."

"पहिलं देवाचं."

"देवानं अर्ज भरलेला नाही."

काकांना ते पटलं. बोटाला पटेना.

मतदानाच्या सकाळी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. भावेश मोटरसायकल घेऊन दारात हजर. "मी येतो ना आत, काका. उगाच चुकेल. फुकट जाईल मत."

"शाळेपर्यंत ये. आत मी आणि माझं बोट."

केंद्रावरच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "सोबती कोण?" काका म्हणाले, "बाहेर बसवलाय." बाईंनी त्यांना पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत नेलं, हात यंत्रावर टेकवून दिला आणि त्या मागे सरल्या.

काकांनी वरच्या बटणावर बोट ठेवलं. ते जणू गरम लागलं, तसं बोट आपोआप खाली सरकलं आणि दुसऱ्या बटणावर जाऊन मनात म्हणालं, एक. काकांनी ते परत वर आणलं. पुन्हा खाली गेलं. रांग खोळंबली. मागून कोणीतरी पुटपुटलं, "अख्खी टोपली मोजतायत वाटतं."

"काका, काही अडचण?" बाईंनी लांबूनच विचारलं.

"नाही बाई. देवाला समजावतोय, आज तुझी पाळी नाही."

रांगेत हशा पिकला. काकांनी मग डाव्या हाताचं बोट पहिल्या बटणावर घट्ट दाबल्यासारखं टेकवलं, पण दाबलं नाही. हललास तर बघ, असं देवाला बजावल्यासारखं. उजव्यानं तिथूनच एक, दोन, तीन करत हळूहळू उतरले. थांबले. वरून पुन्हा एकदा मोजलं. मग दाबलं. यंत्र लांबलचक वाजलं, आणि बारा वर्षांत इतकं गोड काही ऐकलं नव्हतं असं त्यांना वाटलं.

बाहेर भावेश वाट पाहत होता. "कितवं दाबलंत? पहिलं सोडलं असणार तुम्ही."

"कोपर दे."

त्यानं दिलं. काकांनी ते धरलं आणि दोघं पायऱ्या उतरले. गाडीपाशी येईतो काका म्हणाले, "मागच्या वेळी हे वर गेलं होतं."

भावेश मग खाली मान घालून म्हणाला, "काका, ते मागच्या वेळी..."

"पुढे खड्डा आहे का?"

"आहे."

"मग तेवढं सांगत जा."